बेटावरच्या संसदेचा फाटकवाला

आर्णीत घनश्यामला सगळे ‘दुबईवाले’ म्हणतात. दुबई त्याने पाहिली ती फक्त विमानाच्या खिडकीतून. तो राहिला तो देश वेगळाच होता. समुद्रातलं एक बेट, त्यावर राजा, आणि देश केवढा, तर आर्णीहून यवतमाळला जावं तेवढ्यात संपणारा. लोकांना हे समजावता समजावता त्याने हात टेकले. आता दुबई तर दुबई.

तिथे तो एकोणीस वर्षं संसदेच्या फाटकावर पहारेकरी होता. आता दुपारी तुरीच्या धुऱ्यावर, बांधावरच्या कडुनिंबाखाली त्याचा डोळा लागतो. मग शेत हळूहळू निळं होत जातं, तुरीच्या ओळींवरून खारा वारा येतो आणि जाफर येऊन बाजेच्या कडेला बसतो. काहीतरी सांगायला घनश्याम तोंड उघडतो, तेवढ्यात जाग येते. समोर बायको इंदूबाई भाकर घेऊन उभी असते.

“कायले एकट्यानंच बोलून राह्यले तुमी?” ती विचारते. तो म्हणतो, ऊन लागलं.

जाफर म्हणजे फाटकावरचा दुसरा पहारेकरी, बेटावरचाच. राजाने निवडणुका जाहीर केल्या तेव्हा जाफर मत देऊन आला आणि पासपोर्टावर मारलेला मतदानाचा शिक्का दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला, जणू घरी पाळणा हलला होता. पुढे कळलं, निवडून आलेल्यांच्या बरोबरीने राजाने नेमलेलं दुसरं सभागृहही आहे, आणि त्याच्यापुढे यांचं काही चालत नाही. जाफरचं तोंड उतरलं. तरी तो म्हणायचा, आज एवढं, उद्या आणखी.

मग एका वर्षी लोक चौकात ठाण मांडून बसले. ड्युटी सुटली की जाफर तिकडेच. एके दिवशी ती गर्दी संसदेच्या फाटकापर्यंतही आली. शेवटी शेजारच्या मोठ्या राज्याच्या फौजेच्या गाड्या पूल ओलांडून आल्या. बंदरात परक्या देशाच्या युद्धनौका होत्या, त्या जागच्या हलल्या नाहीत. एका सकाळी चौक रिकामा झाला. चार दिवसांनी एका अधिकाऱ्याने घनश्यामपुढे फोटो ठेवला आणि विचारलं, गर्दीतला हा कोण? घनश्यामच्या डोळ्यांपुढे व्हिसा आला, घर आलं. तो म्हणाला, जाफर. एवढा एकच शब्द, पण त्यावर जाफर तुरुंगात गेला.

त्यानंतर कोणी सहज जाफरचं नाव काढलं तरी घनश्याम चपापायचा. चोराच्या मनात चांदणं. माफीचं वाक्य त्याने मनात हजारदा घोटलं. ते सांगितल्याशिवाय मरायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

परवा त्याची मुलगी खुशी फोन घेऊन आली. ती यवतमाळला नर्सिंग शिकते, सुट्टीला घरी आली होती. राजाने कैद्यांना माफी दिली होती, जाफर सुटला होता आणि जुन्या सोबत्याकडून नंबर मिळवून त्यानेच फोन केला होता. आवाज म्हातारा झाला होता, हिंदी तशीच मोडकी.

घनश्यामने खुशालीही विचारली नाही. घोटलेलं वाक्यही आठवलं नाही.

“जाफर, तुहं नाव मीच सांगतलं,” तो वऱ्हाडीतच बोलून गेला. मग तेच हिंदीत पुन्हा सांगितलं.

जाफर म्हणाला, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. पकडणाऱ्यांना हवं होतं दुसरंच. फाटकाच्या आतला नळ गर्दीसाठी कोणत्या पहारेकऱ्याने सोडला, हेच ते आठ दिवस विचारत होते.

घनश्याम तो नळ साफ विसरला होता. उन्हात लेकरं घेऊन आलेल्या बायांनी पाणी मागितलं, त्याने दिलं. त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं?

“मग तू काय सांगितलं?” त्याने कसंबसं विचारलं.

“मी सोडला म्हणालो,” जाफर म्हणाला. “तुझी पोरगी लहान होती ना तेव्हा.”

खुशी समोरच उभी होती, फोन परत मिळायची वाट बघत.