घोडा बाईंचा, गवत माझं

बादलीत निम्मे कपडे पिळून तसेच पडले आहेत. दोन चादरी, ह्यांचे शर्ट, सासूबाईंचा स्वेटर. वाळत घालायचं काम आज अर्ध्यावरच राहिलं, आणि आता गॅसवरून उतरवलेली कागद चिकटवायची खळ निवेपर्यंत मी हे लिहायला बसले आहे. हाताला काही चाळा नसला की जीव नुसता वरखाली होतो.

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, चौथी-पाचवीच्या मुलांना चित्रकला आणि हस्तकला शिकवतात. त्यांनी लग्न केलं नाही, आमच्यातच राहतात. मी ह्या घरात आल्यापासून त्यांच्या नखांत रंग नाही असा दिवस पाहिलेला नाही. मुलं त्यांना पाठीमागे ‘खळबाई’ म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि आतून आवडतंही. परीक्षा जवळ आली की गणिताच्या बाई वर्गाच्या दारात येऊन लाडिक आवाजात म्हणतात, “आजचा तेवढा तास मला द्याल?” वन्सं मुकाट्याने देतात आणि घरी येऊन भांडी आपटतात. सासूबाई म्हणतात, “शाळेत गोगलगाय, घरी वाघ!”

पण एका बाबतीत ही गोगलगाय जागची हलत नाही. मुलाच्या कामाला शिक्षकाचा हात लागायचा नाही, हा त्यांचा नियम. दाखवायचं ते स्वतःच्या वेगळ्या कागदावर. मुलाच्या चित्रातला हत्ती उंदरासारखा दिसला तरी त्यांची पेन्सिल तिथे टेकत नाही. मुख्याध्यापिका एकदा म्हणाल्या, “पालक बघायला येतात, जरा नीटनेटकं करून द्या ना.” वन्संनी मान डोलावली, आणि केलं काहीच नाही.

ह्या वर्षी पाचवीने मुखवटे केले. फुगा फुगवायचा, खळीत बुडवलेल्या कागदाच्या पट्ट्या त्याच्या एका बाजूवर चिकटवायच्या, थरावर थर. पुठ्ठ्याचं नाक, सुतळीच्या भुवया. कडकडीत वाळला की टाचणीने फुगा फोडायचा, मुखवटा हातात येतो. मग रंग. उद्या शाळेत प्रदर्शन आहे, रंग उद्या सकाळीच द्यायचे ठरलंय. पण आठवडाभर हवा अशी दमट की काही वाळेना. वर्गाची खिडकी उघडत नाही. शेवटी शेजाऱ्यांच्या गाडीतून सगळे मुखवटे घरी आले. सासूबाई दारातच म्हणाल्या, “आधीच घरात तोंडं काय कमी होती!”

जिन्यात, कपाटावर, माझ्या डब्यांच्या फळीवर, जिकडे तिकडे नुसते फुगे. पंखे दिवसरात्र चालू. वन्संचं जेवणात लक्ष नाही, दर थोड्या वेळाने उठून बोटाने चाचपायचं, “अजून गारच लागतंय.” माझंही काही वेगळं नव्हतं. सकाळी डोळे मिटून नाम घ्यायला बसले, तर डोळ्यांपुढे फुगे. म्हटलं, देवा, दुसरं काही नको, आज थोडं ऊन दे.

त्यातला एक मुखवटा वन्सं आपल्या खोलीत उशाशी ठेवत होत्या. तो त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचा. हिला सगळे ‘फाडूबाई’ म्हणतात. चित्र पुरं होत आलं की ही बारकाईने बघते, म्हणते, “माझं बिघडलं,” आणि टराटरा फाडते. वर्षभरात एक कागद हिने पुरा केलेला नाही. वर्गात ते नाव घ्यायला वन्संनी बंदी केली आहे, पण पोरं ती पोरं. ह्या वेळी हिने घरून स्वतःच्याच फाटक्या चित्रांची पिशवी आणली आणि त्याच पट्ट्या लावत बसली. खळ भसाभसा ओतली, थर जाड झाले, म्हणून तो सगळ्यांत ओला राहिला. पण तिने फाडला नाही. जाताना वन्संना म्हणाली, “बाई, तुम्ही सांभाळाल ना?” वन्सं “हो” म्हणाल्या.

आज सकाळी ऊन पडलं. चांगलं लख्ख. मी बादली घेऊन गच्चीवर गेले, तर वन्सं माझ्या आधी तिथे. फुग्यांच्या गाठींना चिमटे लावून मुखवटे दोरीवर टांगत होत्या.

मी म्हटलं, “वन्सं, फुगा उन्हात नको असं तुम्हीच मुलांना सांगता ना?”

“थोडाच वेळ, वहिनी. आतली हवा तापायच्या आत काढते. नाहीतर उद्यापर्यंत वाळायचे नाहीत हे.”

उरलेल्या दोरीवर मी कपडे घालू लागले. त्या खाली आणखी मुखवटे आणायला गेल्या, तेवढ्यात सासूबाईंनी त्यांना चहाला थांबवलं. मी चादर झटकत होते. फट्‌ असा आवाज झाला. लहानसाच.

वळून बघते तो एका चिमट्याला रबराची चिंधी, आणि खाली ओल्या मोज्यासारखा लोंबून पडलेला मुखवटा. नाक आत गेलेलं, कपाळ दुमडलेलं. कोणाचा ते उचलायच्या आधीच कळलं. तेवढा जाड दुसरा कोणाचा नव्हता. देवाने मागितलं ते दिलं होतं. काय मागावं ही अक्कल मात्र आमची आम्हाला हवी.

मी हाक मारली. मग सगळं घर गच्चीवर, बाकीचे मुखवटे भराभर सावलीत. ते वाचले. वन्सं मात्र तो एक हातात घेऊन पायरीवर बसल्या त्या बसल्याच.

हे म्हणाले, “ताई, त्यात एवढं काय? आत दुसरा फुगा घाल, हळूहळू फुगव, वरून चार पट्ट्या लाव. पोरीला पत्ता लागायचा नाही.”

“मला लागेल.”

“बरं, मग मी लावते,” सासूबाई म्हणाल्या. “मी कुठे शिक्षिका आहे? तुझा नियम मला लागू नाही!”

एरवी वन्सं हसल्या असत्या. त्या म्हणाल्या, “आई, बैठकीतलं ते घोड्याचं चित्र आहे ना, ते माझं नाही.”

ते चित्र वन्संनी पाचवीत काढलेलं, बक्षीस मिळालेलं. काच लावून भिंतीवर आहे. सासूबाई आल्यागेल्याला दाखवतात. वन्सं घरभर फडकं फिरवतात, फक्त ती चौकट सोडतात. ती मी पुसते. का, ते कधी विचारलं नव्हतं.

“तुझं नाही म्हणजे? नाव आहे की खाली!”

“माझा घोडा बाकासारखा झाला होता. मधल्या सुट्टीत बाईंनी तो खोडून नवा काढला. मला वाटलं होतं, माझाच बरा आहे. बक्षीस घेताना सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. घोडा बाईंचा आहे, आई. गवत माझं.”

सासूबाई खाली गेल्या. मी पाणी आणायला उतरले, तर त्या चित्रासमोर चष्मा लावून उभ्या. मला म्हणाल्या, “गवत काही वाईट नाही गं.” मग चष्मा काढून पुसत, “हिने इतकी वर्षं सांगितलं नाही.”

वन्संनी तोंड धुतलं आणि मुलीच्या घरी फोन लावला. तिची आई म्हणाली, “या ना, घरीच आहे. कालपासून विचारतेय, वाळला का, वाळला का.” फोन ठेवून वन्सं माझ्याकडे वळल्या.

“आज सांगितलं तर तिला स्वतःच्या हाताने सावरता येईल. उद्या लोकांसमोर बघितलं तर फाडेल. आजही फाडेल कदाचित. मग काय करू, वहिनी?”

मी म्हटलं, “मी ताजी खळ शिजवते.”

“तुम्ही चला बरोबर. एकटीने बेल दाबवणार नाही माझ्याच्याने.”

मुखवटा टॉवेलात गुंडाळून टोपलीत ठेवलाय. वन्सं चपला घालून दाराशी उभ्या आहेत आणि परत परत टॉवेलाचं टोक उचलून बघताहेत. सासूबाईंनी बादलीतला एकेक कपडा जिन्याच्या कठड्यावर घालायला घेतलाय, न सांगता. खळ कोमट झाली, डब्यात भरते. त्या मुलीच्या घरी जाण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे फुगे घ्यायचे आहेत.