शालिकरामानं पुजलेली पेटी

शालिकराम निमकर्डे हा मी पाहिलेला सगळ्यात भित्रा माणूस. तो पालीला भ्यायचा, तारवाल्याला भ्यायचा आणि सख्ख्या मेव्हण्याला तर इतका भ्यायचा, की तो समोरून दिसला तर रस्ता सोडून आधी दुकानात शिरायचा आणि मग दुकान कशाचं आहे ते बघायचा. एकदा असा तो बांगड्यांच्या दुकानात शिरला आणि भिडेपोटी डझनभर बांगड्या घेऊन बाहेर पडला.

जातीनं माळी. बाप पुंजाराम वांगी आणि झेंडू पिकवायचा. पण वांग्याच्या वाफ्यात साप निघाला, तो दिवस शालिकरामाच्या शेतीचा शेवटचा. पळाला तो थेट अकोल्याला, ताजनापेठेत रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली. तिथं तो कारागीर झाला, तोही भीतीमुळेच. सोल्डरचा डाग देऊन झाला की तार ओढून बघायची, मग पुन्हा ओढायची, उठून पाणी प्यायचं आणि येऊन तिसऱ्यांदा ओढायची. त्याच्या हातचा जोड सुटला असं कुणी ऐकलं नाही.

लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं. आमच्या अमरावतीच्या कॉलेजात प्रोफेसर केशवराव आकाशातून येणारे किरण मोजायचं यंत्र बांधत होते, आणि मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. किरण डोळ्यांना दिसत नाहीत, छपरातून आणि आपल्यातूनही आरपार जातात. ते मोजायला पितळेच्या तीन नळ्या एकावर एक ठेवलेल्या, प्रत्येकीत केसासारखी बारीक तार. तारेवर बाराशे व्होल्टचा दाब. तिन्ही नळ्यांतून एकदम किरण गेला की व्हॉल्व्हची पेटी 'टक' करायची आणि आकडा एकानं सरकायचा. ही पेटी शालिकरामानं बांधली होती; त्यासाठीच केशवरावांनी त्याला अकोल्याहून आणून कॉलेजात नोकरी दिली होती. तिच्या मागे काळ्या एबोनाइटची, म्हणजे वीज वाहू न देणाऱ्या कडक रबराची पट्टी होती, सगळ्या उच्च दाबाच्या तारा तिथंच येऊन मिळायच्या.

"त्या पट्टीला बोट लावायचं नाही," केशवरावांनी बजावलं होतं.

"साहेब, मी त्या पट्टीकडे पायतबी नाही," शालिकराम म्हणाला होता, आणि ते शब्दशः खरं होतं. झाकण उघडताना तो डोळे मिटायचा.

मिनिटाला वीस-बावीस टक, असा महिनाभराचा हिशेब बसला होता. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शेवटची तपासणी, मग परतवाड्याहून जीव मुठीत धरून जाणाऱ्या मोटारीनं पेटी चिखलदऱ्याला न्यायची होती, उंचावर किरण किती वाढतात ते बघायला.

सुट्टी संपली. सकाळी पेटी चालू केली आणि ती ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तशी वाजू लागली. मिनिटाला नव्वद. मग एकशे चार.

केशवराव आधी पांढरे पडले, मग लाल झाले, मग खुर्चीवर चढले. का चढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बहुधा आकाशाच्या जरा जवळ जावंसं वाटलं असावं.

"वर काहीतरी प्रचंड घडलं आहे!" ते म्हणाले. "असं कुणी मोजलेलं नाही. आज दुपारीच नागपूरला विद्यापीठाला तार गेली पाहिजे. आणि शालिकराम, तारेत तुझंही नाव घालतो!"

शालिकराम भिंतीला टेकला होता. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. केशवराव मजकूर लिहायला बसताच त्यानं मला हाताला धरून व्हरांड्यात ओढलं.

"मास्तर, म्या पुजली."

"काय पुजलं?"

"पेटी. नवमीले. घरी कुदळ पुजली, विळा पुजला. मनात आलं, पोट त या पेटीवर चालते, तिले नाही पुजलं त कोप होईन. किल्ली होतीच. अंबादेवीचं कुंकू नेलं, हळद कालवली, पाच बोटं ओढली."

"कुठं ओढली?"

"डोये मिटले होते ना जी."

मी खोलीत जाऊन पेटीच्या मागे वाकलो. काळ्या पट्टीवर पिवळी-तांबडी पाच बोटं, रात्रीच्या दमट हवेनं ओलसर, आणि त्यांच्यावरून निळी ठिणगी मुंगीसारखी धावत होती. प्रत्येक धावेला एक टक. आकाशात काहीही घडलं नव्हतं.

"जाऊन सांग," मी व्हरांड्यात येऊन म्हणालो.

"तुमी सांगा ना."

मी पोटात दुखण्याचं कारण सांगितलं. केशवरावांच्या रागाला सगळं कॉलेज भ्यायचं. मी कॉलेजातच मोडत होतो.

तेवढ्यात त्याची बायको सुभद्रा डबा घेऊन आली. नवऱ्याचं तोंड बघूनच तिनं विचारलं, "काय सांडवलं आज?"

त्यानं सांगितलं.

"मंग? बोला जाऊन."

"नोकरी जाईन ना वं! पुन्हा वांगे, पुन्हा साप!"

"आन् नाही बोललं त?"

शालिकरामानं खिडकीतून आत पाहिलं. केशवराव तारेचा मजकूर मोठ्यानं वाचत होते, एका हाताची मूठ वळवून.

"त सायबाचं नाव खराब होईन," तो म्हणाला. "खोटा आकडा सगळ्या जगात जाईन. अन् त्याच्यावर माहं नाव!" त्यानं सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली. "जातो वं."

तो आत गेला. चपला दाराशी काढल्या, हात जोडले आणि एका दमात सगळं सांगितलं. कुंकू कुठल्या देवीचं तेही सांगितलं.

केशवराव ओरडतील म्हणून मी कानांची तयारी केली होती, ती वाया गेली. त्यांनी दाब बंद करायला लावला, पट्टी स्पिरिटनं पुसायला लावली. शालिकरामानं या वेळी डोळे उघडे ठेवून पुसली, ओठ पांढरे पडेपर्यंत. पेटी पुन्हा चालू झाली. आम्ही तिघं मिनिटभर श्वास धरून उभे. एकवीस.

केशवरावांनी तारेचा कागद चार घड्या करून खिशात ठेवला. मग खिसा दोनदा चाचपून पाहिला. मला तेव्हा कळलं, की हा माणूसही घाबरला आहे, थोडक्यात वाचलेल्या माणसासारखा. प्रिन्सिपॉलसाहेबांना त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, ते शब्द आता परत घ्यायला जायचं होतं.

"पुढच्या दसऱ्याला पुन्हा पुजशील?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायचं, की संपलं. पण शालिकरामाला देवीचीही भीती होती.

"पुजीन, साहेब," तो पुटपुटला. "पण पेटीच्या लाकडाले, पट्टीले नाही."

केशवरावांनी नोंदवही उघडली. 'आजचे आकडे रद्द. कारण : पट्टीवर हळद-कुंकू,' असं लिहिलं, सही केली आणि टाक शालिकरामापुढे धरला.

"कर सही. आजपासून या वहीतला एकही आकडा तुझ्या सहीशिवाय बाहेर जाणार नाही. मी कितीही नाचलो तरी."

शालिकराम मटकन खाली बसला आणि त्यानं केशवरावांचे पाय धरले.

"साहेब, नोकरीवरून काढा, वांगे लावतो, सापबी पायतो. पण हे नका सांगू जी!"

"कर सही," केशवराव म्हणाले.

त्यानं केली. एकेक अक्षर लिहून तीनदा तपासलं.