अडुसष्ट मिलिमीटर

दत्ता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये लेथवर उभा होतो. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘दत्ता सर गेले. शाळेतच. हार्ट.’ मी ते तीनदा वाचलं आणि पहिला विचार मनात आला तो असा की, बसल्या जागी याची नाडी अठ्ठेचाळीस असायची, माझी बाहत्तर... मग हा माझ्याआधी कसा गेला? जिवलग मित्र गेल्यावर माणसाला रडू यायला हवं. मला त्याच्या नाडीचा हेवा आठवला. आता दीड महिना झाला. सगळ्यांचं त्याच्याविषयी गोड गोड लिहून झालं आहे, म्हणून माझ्याकडचं जे आहे ते मी लिहितो. ते फारसं गोड नाही.

दत्ता बेळगुंदीचा. घरी भातशेती, आणि हा हायस्कूलमध्ये गणित शिकवायचा. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र. चाळिशी उलटल्यावर दोघांनाही एकदमच सायकलचं वेड लागलं. मी ऐपतीप्रमाणे हलकी, कार्बनची घेतली. त्यानं कुणाची तरी वापरलेली अॅल्युमिनियमची. दर रविवारी आम्ही जांबोटीच्या रस्त्याला लागायचो. सपाटीवर मी पुढं. चढ आला की तो मागून शेजारी यायचा, पोरांच्या उत्तरपत्रिकांतल्या दोन गमती सांगायचा आणि निघून जायचा. तो पुढं जायचा हे एक वेळ सोसलं असतं, पण तो बोलायचा... मला तिथं श्वास पुरायचा नाही आणि हा हसत असायचा. वर चहाच्या टपरीवर पोहोचावं तर याचा चहा कधीच पिऊन झालेला, बाकावरच्या कुणा आजोबांशी कन्नडमधून म्हशीच्या आजारपणाची चर्चा रंगलेली. कन्नडही त्याचं माझ्यापेक्षा चांगलं. लोक त्याला ‘सर’ म्हणायचे आणि मला ‘सरांचे मित्र’. माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, सहा माणसं हाताखाली आहेत, तरी मी आपला सरांचा मित्र.

एका बाबतीत मात्र तो मला मानायचा. ते म्हणजे माप. “विन्यानं मोजलं म्हंजे मोजलं,” असं तो चारचौघांत सांगायचा. तेवढं ऐकायला मला बरं वाटायचं, आणि नेमकं तिथंच मी घाण केली.

दोनेक वर्षांपूर्वी त्यानं हलका क्रँकसेट घ्यायचं मनावर घेतलं. पायडल लागतात त्या दोन दांड्या, पुढची दातेरी चाकं आणि मधला आस, हे सगळं मिळून क्रँकसेट. त्याचा जुना भलताच जड होता. पुण्यातला एक ओळखीचा आपला वापरलेला कार्बनचा विकायला काढत होता. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर दत्ता सायकल घेऊन वर्कशॉपवर आला आणि मोबाइलवरचे फोटो माझ्यापुढं धरले.

“येवढं बघ रं. माझ्या सायकलला बसतंय काय? त्यो म्हणतोय, अडुसष्टच्या फ्रेमला चालतंय.”

हा आस फ्रेमच्या तळाशी एका आडव्या नळीत फिरतो. तिथलं बेअरिंग म्हणजे बॉटम ब्रॅकेट. मी नळीला व्हर्नियर लावला. रुंदी अडुसष्ट मिलिमीटर, केसाचाही फरक नाही. पण रुंदी जुळली म्हणून सगळं जुळत नसतं. दत्ताच्या फ्रेमला आटे होते, बेअरिंगचे कप बाहेरून पिळून बसवलेले, आणि त्यांतून चोवीस मिलिमीटरचा आस जायचा. फोटोतला आस तीसचा होता, शिवाय आखूड. ज्या फ्रेममध्ये बेअरिंग आतच दाबून बसवतात, तिच्यासाठी केलेला. म्हणजे माझ्या फ्रेमसाठी. हे मला फोटो बघताक्षणीच कळलं होतं; हयात माझी आस आणि बेअरिंगं करण्यातच गेली.

“अडुसष्टच हाय न्हवं?”

“व्हय. अडुसष्ट.”

“मग घिऊ?”

मी व्हर्नियर पुसला, डबीत ठेवला. त्या धोंड्यासारख्या सायकलीवरून हा मला मागं टाकतो, ती हलकी झाली तर मला दिसणारसुद्धा नाही... डोक्यात एवढंच होतं. “घे की,” म्हणालो. खोटं माप मी दिलं नाही. एक खरं दिलं आणि दुसरं गिळलं.

क्रँकसेट आला आणि अर्थातच बसला नाही. पुण्याचा माणूस परत घेईना. मला आतून बरं वाटलं, हेही सांगून टाकतो. दत्ता जाब विचारेल म्हणून चार उत्तरं तयार ठेवली होती. पुढच्या रविवारी तो खोकं घेऊन घरीच आला. “माझ्याला न्हाय बसत. तुझ्याला बसतंय बघ, तू वापर,” म्हणाला. मी तोंडदेखलं नको म्हटलं. त्यानं अंगणात बसून, हात काळे करून, तो माझ्या सायकलला बसवून दिला. “मीच नीट बघाय पायजे हुतं,” एवढंच बोलला. त्यानंतर दोन वर्षं मी त्या हलक्या क्रँकवर आणि तो आपल्या जुन्या जडवर. तरीही चढाला तोच पुढं. माझ्या लबाडीचा मला उपयोगसुद्धा झाला नाही.

गेल्या आठवड्यात दत्ताच्या बायकोला, शैलावहिनींना भेटायला बेळगुंदीला गेलो. त्यांची निपाणीची माहेरची माणसं नुकतीच परतली होती, घर शांत होतं. सोप्यात भिंतीला दत्ताची सायकल. लेक आता ती चालवणार म्हणतेय, असं वहिनींनी सांगितलं. चहा झाला आणि मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेलो. तीस, चोवीस, ‘घे की’... सगळं. वहिनींनी ऐकून घेतलं.

“त्यास्नी ठावं हुतं, भावजी.”

“कधी कळलं?”

“खोकं उघडलं त्याच दिवशी. म्हणाले, विन्याला दिसलं न्हाय असं व्हायचं न्हाय. मी म्हटलं, मग जाऊन इचारा की. तर म्हणाले, इचारून काय करू? त्येला चढाला लई दम लागतोय गं. हलकं त्येलाच पायजे.”

लाज वाटायला हवी होती. आधी राग आला. दोन वर्षं हा माझ्यावर दया करत होता आणि वर शेजारी येऊन गमती सांगत होता. भांडला असता तर बरोबरी तरी झाली असती... मग लाज वाटली, आणि मग रडू आलं, ते काही केल्या थांबेना. वहिनी उठून आत गेल्या, पाणी घेऊन आल्या.

परवा वर्कशॉपमध्ये मी सायकल स्टँडला लावली आणि तो क्रँकसेट काढला. ग्रीस पुसलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळला. लेक चालवणार तर तिच्या बापाची वस्तू तिला नेऊन द्यावी, असं मनानं घेतलं होतं. गाडीची किल्ली घेतली आणि दारातच थांबलो. त्या सायकलला तो बसत नाही, हे अख्ख्या बेळगावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? परत आत आलो, बेअरिंगला नवं ग्रीस लावलं आणि आस पुन्हा माझ्याच फ्रेममध्ये सारला. बसतो मात्र अगदी बरोबर.