मांडीवरचा पाय

त्या दिवसांत मला देवाचं नाव घ्यायचाही कंटाळा आला होता, हे आधीच सांगून टाकतो. देव नाही असं काही वाटत नव्हतं. असेलही, पण त्याला मी कुठून दिसणार? मी कायम कुठल्या तरी जनावराच्या पोटाखाली वाकलेला. मी नालबंद आहे. मोखाड्याच्या बाजारात वडिलांच्या हाताखाली बैलांना नाल ठोकत सुरुवात केली. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, तेव्हा घाट उतरून घोड्यांचं काम शिकून आलो. आज जव्हारच्या आसपास फार्महाऊसवरचे घोडे, लग्नाच्या वरातीतल्या घोड्या, सगळ्यांचे पाय माझ्याकडे. स्वतःची पिकअप आहे, तिच्यावर नाव रंगवलंय, फोन सारखा वाजतो. लोक म्हणतात, नशीब काढलंस. बायको म्हणते, "घोडा निदान उभ्या उभ्या झोपतो तरी, तुम्हाला तेवढंही जमत नाही." खोटं नाही ते. कंबर गेलीय, मनगट सकाळी वळत नाही, आणि माणूस आतून पार शिणून जातो.

अशात जव्हारजवळच्या एका शेठची घोडी लंगडायला लागली. नाल मी ठोकून आलो आणि आठवड्याच्या आत तिचा पुढचा डावा पाय अडायला लागला. नालबंदाला अशा वेळी एकच संशय येतो, खिळा खुराच्या आत जिवंत भागाला लागला असणार. मी नाल काढला, तपासला, पुन्हा ठोकला. लंगड तशीच. परत काढला, परत ठोकला. खुराच्या कडेला इतकी भोकं पडली की आणखी एकदा खिळे मारले तर ते धरणारच नाहीत. शेठ आवाज चढवणारा नव्हता, त्याचंच जास्त लागलं. म्हणाला, "उद्या सकाळी शेवटचं बघा. नाहीतर मी नाशिकहून दुसरा माणूस बोलावतो." या शेठच्या शब्दावर मला बाकीची फार्महाऊसं मिळाली होती. तो गेला की तीही जाणार, आणि परत फिरावं तर आता बाजारात बैल कुठे उरलेत?

दुपारी नाल काढून गाडीत टाकला आणि पोशेऱ्याकडे घरी निघालो. शिवेवर आमचा वाघदेव आहे, लाकडाच्या फळीवर कोरलेला, वर चंद्र-सूर्य. पावसाळा सरला की कामातला पहिला झिजका नाल वडील त्याच्यापाशी ठेवायचे, मीही ठेवतो. यंदा ठेवायचा राहिला होता. गाडी थांबवली आणि त्या घोडीचाच नाल देवापुढे ठेवला. मागायचं काय ते सुचेना. एवढंच म्हटलं, "बघ बाबा, माझं झालं." आणि तिथेच बसून राहिलो. रडू आलं, तेही धड आलं नाही.

तेवढ्यात गवतातून एक गुराखी आला. वयस्कर, खांद्यावर घोंगडी, पाय ओढत. माझ्या हत्यारांच्या पेटीकडे बघून म्हणाला, "काटा मोडलाय रं पायात. काढतोस का?"

"मामा, मी चार पायांच्या गिऱ्हाइकांचं काम करतो."

"मग दोन कमी पडले म्हणून सोडतोस होय?" असं म्हणत तो दगडावर बसला आणि त्याने सरळ पाय माझ्या मांडीवर ठेवला.

मी चष्मा लावला. अंगठ्याजवळ दुखतंय म्हणाला, तिथे बघितलं, दाबलं, काही नाही. पुन्हा बघितलं. मी वैतागलो, "मामा, इथे काटा नाहीच."

"दुखतंय तिथं. काटा तिथंच असंल असं कुठं म्हणलो? सगळा पाय बघ की."

टाच दगडासारखी कडक झालेली. सुरीने वरची कातडी हलकेच तासली तर आत काळं टोक. टाच वाचवायला तो सगळा भार पुढे टाकत चालत होता, म्हणून दुखणं पुढे. पकडीने काटा ओढून काढला. त्याने पाय टेकून बघितला, "मोकळं झालं," म्हणाला, आणि गुरांमागे गेला. पाण्याचं विचारायचंही मला सुचलं नाही.

गाडीची चावी फिरवली आणि अंगावर काटा आला. घोडी लंगडायला लागल्यापासून तिचे मागचे पाय मी उचलून बघितलेच नव्हते. माझाच खिळा चुकला, हेच धरून बसलो होतो. तसाच मागे फिरलो. मागचा डावा पाय मांडीवर घेतला, खुराच्या मधल्या मऊ भागात एक काटा मोडून पार आत बसला होता. तो ओढताच पू आला. दोन दिवसांत घोडी सरळ चालायला लागली. शेठ म्हणाला, "चला, बरं झालं." दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या गुराख्याला मी पाड्यापाड्यांवर विचारलं. कुणी म्हणे अमका असेल, कुणी म्हणे तमका. जाऊन बघितलं, तो नव्हता. मग शोधणं सोडून दिलं. कुणीही असो, पाठवणाऱ्याने वेळेवर पाठवला, माझ्यासाठी तेवढं पुरे आहे. देवाच्या पायाला हात लागावा म्हणून लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. माझ्या मांडीवर पाय आपण होऊन येतात, जन्मभर येत होते, आणि मी त्यांना ओझं म्हणत होतो.

कंबर अजून दुखतेच. दमतोही तेवढाच. फक्त पूर्वी खूर उचलताना तोंडातून शिवी निघायची, आता "ये रे बाबा" निघतं.