न गंजणारी चकती

आमच्या सासऱ्यांना निर्जीव वस्तूंची काळजी घ्यायची भारी खोड होती. जिवंत माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा कारभार ढिला. सासूबाईंचा गुडघा वर्षानुवर्षं कुरकुरत राहिला, पण दाराची बिजागरी एकदा जरी कुरकुरली तरी हे तेलाची कुपी घेऊन हजर. "लोखंडाला तोंड नसतं, त्याचं आपणच बघायचं," असं म्हणायचे. त्यावर सासूबाई म्हणायच्या, "मला तोंड आहे, हेच माझं चुकलं."

नोकरी संग्रहालयात, पहारेकऱ्याची. इस्त्रीचा गणवेश, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि वरच्या मजल्यावर शेवटच्या खोलीत एक लाकडी खुर्ची. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, सासरे बहुधा सोनंनाणं राखत असावेत. कौतुकाने बघायला गेले, तर खोलीत मडक्यांची खापरं, हाडांच्या सुया आणि मधोमध काचेच्या पेटीत एक लोखंडी चकती. तळहाताएवढी, कडेने दाते, मध्ये भोक. खाली पाटी : 'दातेरी चकती. उपयोग अज्ञात.' एवढ्यासाठी माणूस पगार देऊन बसवायचा म्हणजे कमाल झाली, असं मी नवऱ्याला परतीच्या वाटेवर सांगितलं. तो म्हणाला, "हळू बोल, बाबांना ती आमच्यापेक्षा जवळची आहे."

तर ही चकती म्हणजे सगळ्या गावाच्या डोक्याला ताप होता. कधीकाळी एक टेकाड खणताना ती मडक्यांच्या थरात निघाली आणि घासूनपुसून पेटीत गेली. ती मडकी इतकी जुनी, की ती भाजणाऱ्यांना लोखंड म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. मग दातेरी चाक त्यांच्यात आलं कुठून? संग्रहालयातले लोक तिला 'पाहुणी' म्हणत, कारण ती न बोलावता आली होती आणि जायचं नाव घेत नव्हती.

दर आठवड्याला तिच्यासमोर एक दरबार भरायचा. दरबाराचे प्रमुख विमानकाका. मूळचे कापडाचे व्यापारी, पण दुकान मुलाच्या गळ्यात घातल्यापासून ते पुरातन विज्ञानाकडे वळले होते. त्यांच्या मते ही चकती म्हणजे प्राचीन विमानाचा भाग. कुठला भाग ते आठवड्याआठवड्याला बदलायचं, पण विमान कायम. कुणी शंका काढली की ते हुकमी पान टाकायचे : "हजारो वर्षं मातीत होती. आता या दमट खोलीत आहे. गंजाचा एक ठिपका दाखवा! असं लोखंड आज कुणी बनवून दाखवा!" यावर भल्याभल्यांची दातखीळ बसायची.

सासरे अर्थातच विमानकाकांच्या पक्षात. शाळेची पोरं आली की हे खुर्चीतून उठून सांगायचे, "बाळांनो, ही आकाशातून आली." पगार राखण करायचा होता, विमान उडवायचा नव्हे, पण कोण बोलणार!

मग संग्रहालयाला नव्या प्रमुख बाई आल्या. वयाने लहान, अंगाने काडी, आणि बोलणं असं की समोरच्याने पाणी मागावं. पहिल्याच दरबारात त्यांनी सांगून टाकलं, की ही कुठल्यातरी अलीकडच्या यंत्राची चकती आहे, उंदराच्या बिळातून किंवा जुन्या खड्ड्यातून खालच्या थरात गेली असणार. "गादीखाली पेन सापडलं, तर गादीच्या आधीपासून पेन होतं असं म्हणतो का आपण?" विमानकाका शांतपणे म्हणाले, "आणि गंज?" बाई तुकडा काढून तपासू द्या म्हणाल्या, तर विश्वस्तांनी कानांवर हात ठेवले. जगातली एकुलती एक वस्तू आणि तिचा तुकडा पाडायचा?

गंमत अशी, की सासऱ्यांना बाई आवडायच्या. दुपारी डबा खाताना त्या वर येऊन त्यांच्या शेजारी बसायच्या, काका म्हणायच्या. खुर्चीला उशी त्यांनीच दिली. घरी आल्यावर सासरे सांगायचे, "पोरगी गुणाची आहे. विमानाचं तेवढं कळत नाही."

अखेर विश्वस्तांनी जाहीर वादसभा ठरवली. बाईंना बजावलं, की गंजाचं उत्तर द्या, नाहीतर पाटीवर 'प्राचीन यंत्राचा भाग' असं लिहू आणि तसं लिहायला तयार असलेला दुसरा प्रमुख आणू. म्हणजे बाईंची उचलबांगडी ठरलेलीच.

सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी शिलाईला बसले होते. मशीन खरखरू लागलं, तेलाची कुपी उचलली, तर रिकामी. ती कायम रिकामीच असायची. मी वैतागून ओरडले, "बाबा, हे तेल पिता की काय तुम्ही?"

सासरे ताटावर बसले होते, पण घास तसाच होता. खाली मान घालून म्हणाले, "पाहुणीला लागतं."

"कुठल्या पाहुणीला?" सासूबाई स्वयंपाकघरातून ताडकन बाहेर आल्या.

मग सगळं बाहेर पडलं. पेटीची काच आतून पुसायची म्हणून किल्ली त्यांच्याकडे असायची. रोज सकाळी, दारं उघडायच्या आधी, हे चकती बाहेर काढायचे, फडक्याने पुसायचे, दात्यादात्याला तेलाचा थेंब द्यायचे आणि परत ठेवायचे. खुर्चीवर बसले त्या दिवसापासून. हात लावू नये ही पाटी त्यांच्याच डोक्यावर टांगलेली होती.

मी हसत सुटले. पोट धरून हसले. "अहो बाबा, मग गंजणार कशी ती?"

"तेल आपलं वरवरचं," ते घाईघाईने म्हणाले. "ती मुळातच न गंजणारी आहे."

"मग लावता कशाला?"

"लोखंड आहे ना!"

या माणसाच्या डोक्यात ती चकती विमानातून आलेली होती आणि तिला रोज शिलाई मशीनचं तेलही लागत होतं. दोन्ही गोष्टी इतकी वर्षं एकमेकींना न भेटता सुखाने नांदल्या होत्या. त्यांची भेट मी घडवली. सासऱ्यांचा चेहरा बघून माझं हसू विरलं.

सासूबाई समोर येऊन बसल्या. "हे बघा, निवृत्ती तोंडावर आलीय. चार शब्द चांगले बोलून निरोप देतील. उद्या तोंड उघडलंत तर पेटी फोडणारा म्हणून हाकलतील. मूग गिळून बसा."

"आणि ती पोरगी?"

"ती शिकलेली आहे. तिला दुसरीकडे मिळेल."

सासरे हात धुवायला उठले. जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. आम्ही दोघी सासूसुना मागच्या बाकावर. सासरे गणवेशात दाराशी उभे. विमानकाका तासभर उडत होते. मग बाई बोलल्या, नीट, मुद्देसूद. शेवटी विश्वस्तांनी विचारलं, "गंज का नाही, एवढंच सांगा."

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही."

लोक हसले. कुणीतरी शीळ घातली. बाईंनी कागद गोळा करायला सुरुवात केली.

"मी तेल लावतो," दारातून आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली.

"रोज सकाळी लावतो साहेब. पुसतो आणि लावतो. आमच्या सुनेच्या मशीनचं."

इतकी वर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन्ही पक्ष त्या क्षणी पहिल्यांदा एक झाले, ते सासऱ्यांच्या विरोधात. विमानकाका किंचाळले, "तुम्ही तर आमचे!" बाईंच्या बाजूचे एक प्राध्यापक म्हणाले, असला अडाणीपणा आपल्या संस्थेत होणं शक्यच नाही. एका विश्वस्ताला हे बाईंनीच पढवल्याचा वास आला. सासरे विमानकाकांना म्हणाले, "तुमचाच आहे हो मी. पण तेल लावतो, त्याला काय करू?"

मला राहवलं नाही. उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, "तेल माझं आहे! किती जातं ते मला विचारा!"

शेवटी ठरलं, की चकतीचं तेल पुसून पेटीला सील ठोकायचं आणि पावसाळा जाऊ द्यायचा. सासऱ्यांना खाली सायकली राखायला बसवलं. वर जायची बंदी.

त्या पावसाळ्यात ते घरातल्या सगळ्या बिजागऱ्या, कड्या, नातवाची सायकल, सासूबाईंचा अडकित्ता तेलाने माखत सुटले. आभाळ भरून आलं की खिडकीशी उभे राहायचे. एकदा मला म्हणाले, "न गंजू दे गं. बाई चुकल्या तरी चालेल." लगेच म्हणाले, "नाही, नाही. तसं नको." पुन्हा खिडकीकडे वळले. मला त्यांची फार दया आली.

सील उघडलं तेव्हा चकती विटेच्या रंगाची झाली होती. गंजली म्हटल्यावर ती जगातली एकुलती एक राहिली नव्हती, त्यामुळे तुकडा काढायला कुणाची हरकत नव्हती. साधं ओतीव लोखंड निघालं, पिठाच्या गिरणीतल्या यंत्राचं. विमानकाकांनी आठवड्याच्या आत एका खडकावर परग्रहावरच्या माणसाचं पाऊल शोधलं आणि दरबार तिकडे हलवला. बाई राहिल्या. चकती तळघरात गेली. सासऱ्यांना लेखी ताकीद मिळाली आणि निरोपाचे चार शब्द कुणी बोललं नाही.

निवृत्तीच्या दिवशी बाई स्वतः घरी आल्या. चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाल्या, "काका, मी खूप प्रयत्न केला. ताकीद मागे घ्यायला तयार नाहीत."

"ते असू दे," सासरे म्हणाले. "फार गंजलीय का?"

"बरीच."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. सासूबाई आपल्या कुरकुरत्या गुडघ्यावर उठल्या आणि आमच्या सगळ्यांदेखत त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. या घरात मी असं कधी पाहिलं नव्हतं.

जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले. "गिरणीतली, म्हणालात?"

"हो, काका. नक्की."

"कुठली गिरणी, कुणाची, ते कळलं?"

"बऱ्यापैकी कळलंय. मालकाचं नाव सापडलं. यंत्र कुणी ओतलं तेही."

सासरे पुढे सरकले. "आणि तिथं तिला तेल कोण घालायचं?"

बाई हळूच म्हणाल्या, "ते कुणी लिहून ठेवत नाही, काका."