शिशाच्या गोळ्या आणि एक ओळ

इब्राहिम मुकादम गेल्या महिन्यात, ईदच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, जयगड खाडीकाठच्या आपल्या घरी वारले. वय साठीच्या आसपास. कंपनीच्या कागदावर एक जन्मसाल होतं, घरच्यांच्या तोंडी दुसरं. बातमी पोस्टकार्डाने आली, तीही माझ्या घरी नाही तर वर्तमानपत्राच्या पत्त्यावर. मुलगी जुबेदा हिने सहा ओळी लिहिल्या होत्या. शेवटची ओळ अशी : ‘बाबांनी तुमच्यासाठी एक डबी ठेवली आहे, जमेल तेव्हा घेऊन जा.’

त्यांची माझी ओळख कुवेतमधली. पन्नासचं दशक निम्मं उलटून गेलं होतं. मी तेल कंपनीच्या कचेरीत कारकून होतो, ते वर्कशॉपमध्ये ओतकामाला. फहाहीलला एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. दोघे रत्नागिरीचे, एक पनवेलचा आणि मी पुण्याचा. वयाने ते सगळ्यांत मोठे, म्हणून आम्ही त्यांना इब्राहिमभाई म्हणायचो. ते मला नावाने कधी हाक मारत नसत, ‘कारकून’ म्हणत. गावी असताना ते जाळ्यांना लावायची शिसं ओतत. खाडीतल्या निम्म्या होड्यांच्या जाळ्यांना आपलंच वजन हाय, असं ते सांगत आणि वर म्हणत, ‘मासं मात्र दुसऱ्याचं.’

ड्रिलिंगच्या एका इंग्रज साहेबाकडे बत्तीस बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. दर गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागे, तेव्हाच ते उडे. कंपनीतल्या आठ-दहा साहेबांचा नेमबाजीचा क्लब होता. शुक्रवारी सकाळी ते वाळवंटात कागदी निशाणं लावत. विकतच्या गोळ्या बोटीने यायला महिने लागत, म्हणून साहेब वर्कशॉपमध्ये शिशाच्या गोळ्या ओतून घेई. नुसतं शिसं मऊ असतं, नळीत चिकटून बसतं. त्यासाठी साहेबाने कंपनीच्या छापखान्यातून झिजलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, आणली. खिळ्यांचा धातू मिसळला की गोळी कडक होते. किती मिसळायचा हे साहेब पुस्तकात बघे आणि इब्राहिमभाई नखाने. ओतलेल्या गोळीवर नख ओढून ओरखडा किती खोल जातो ते पाहत आणि म्हणत, ‘अजून चार अक्षरं टाका, साहेब.’

खरं काम पुढे होतं, निवडण्याचं. शंभर ओतल्या तर साठ-सत्तर कामाच्या निघत. पहिल्या दिवशी साहेबाने स्वतः निवडल्या होत्या, टोकाकडे बघून. टोकं सगळी चकचकीत, गुळगुळीत. इब्राहिमभाईंनी त्यातल्या निम्म्या परत कढईत टाकल्या. साहेब चिडला. मला दुभाषा म्हणून बोलावलं होतं.

‘त्याला सांग, टोकाकडं जो तो बघतो. बूड बघ म्हणावं.’

बुडाची कड सगळीकडे सारखी भरलेली आणि धारदार हवी, हे मी साहेबाला समजावलं. एका बाजूला कड बसलेली असली तर मागचा वायू तिथून निसटतो आणि गोळी तिरपी जाते. साहेबाने दोन्ही ढीग वेगवेगळे झाडून पाहिले. त्यानंतर त्याने निवडीत कधी हात घातला नाही. शब्द मात्र उचलला. वर्कशॉपमध्ये शिरताना तो मोठ्याने ‘बूड! बूड!’ असं ओरडे आणि आमची मराठी माणसं तोंडाला फडकं लावून हसत. कुणीतरी त्याला पूर्ण अर्थ सांगितल्यावर तो स्वतःच्या पाठीमागे हात नेऊन म्हणाला, ‘दिस ऑल्सो बूड?’ इब्राहिमभाई गंभीरपणे म्हणाले, ‘येस साहेब. पण ते रिजेक्ट.’

जुम्म्याच्या नमाजाआधी तासभर त्यांचं हे काम चाले. समोर काचेचा तुकडा, उजवीकडे साहेबाची लाकडी पेटी, डावीकडे तंबाखूची रिकामी डबी. एक एक गोळी उचलायची, अंगठ्याचं नख बुडाच्या कडेवरून एकदा पूर्ण फिरवायचं, मग काचेवर अलगद सोडायची. आत पोकळी असली तर आवाज बद्द येतो. चांगली पेटीत, वाईट डबीत. साहेबाने एकदा पेटीतल्या गोळ्यांमध्ये दहा सदोष गोळ्या गुपचूप मिसळल्या. इब्राहिमभाईंनी दहाच्या दहा काढून दिल्या. या माणसाला घारीचे डोळे आहेत, असं साहेब क्लबात सांगत फिरला. मी शेजारी बसून पाहत होतो. त्या सबंध वेळात त्यांचे डोळे मिटलेले होते.

कंपनीचं इंग्रजी बुलेटिन महिन्यातून एकदा निघे. मला लिहायची हौस होती. मी इब्राहिमभाईंवर एक कॉलम लिहिला, माझ्या आयुष्यातला पहिला छापील मजकूर. छापायला देण्याआधी खोलीवर त्यांना मराठीत वाचून दाखवला. ते चहा पीत ऐकत होते. जाळ्याच्या शिशांचा उल्लेख आला तेव्हा खूश झाले. शेवटी मी हे लिहिलं होतं : ‘मुकादम डोळे मिटून गोळ्या निवडतात. त्यांच्या अंगठ्याला जे दिसतं, ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही.’

ते थांबले. ‘ती वळ काढ.’

‘खोटं आहे का काही त्यात?’

‘खोटं नाय. पण काढ.’

‘बरं, काढतो,’ मी म्हटलं.

काढली नाही. सगळ्या मजकुरात तीच ओळ चांगली उतरली होती. पुढे वर्तमानपत्रात गेल्यावर, एखादा माणूस एखादी गोष्ट छापू नका म्हणाला की कारण विचारायचं, हे मी पहिल्या आठवड्यात शिकलो. त्या दिवशी विचारलं नाही.

अंक निघाला. कंपनीच्या डॉक्टरने तो वाचला आणि पुढच्या शुक्रवारी कौतुकाने वर्कशॉपमध्ये आला. इब्राहिमभाई बाकावर बसले होते. डॉक्टर त्यांच्या डाव्या बाजूला उभा राहिला आणि हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. तो हात तसाच राहिला. इब्राहिमभाई समोर बघत गोळीच्या कडेवरून नख फिरवत होते. डॉक्टरने त्यांच्या डोळ्यांकडे निरखून पाहिलं आणि हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी तपासणीची चिठ्ठी आली.

दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. डावा पूर्ण गेलेला, उजव्याने समोरचं थोडंसं दिसे. हे त्यांना तीन वर्षांपासून माहीत होतं. दरवर्षीच्या तपासणीत रांगेतला पुढचा माणूस तक्त्यावरची अक्षरं वाचे, ती ऐकून ते पाठ करत आणि आपली पाळी आली की म्हणून दाखवत. बाकावरचं प्रत्येक हत्यार ठरलेल्या जागी असे आणि कुणी हलवलं तर ते भयंकर चिडत. घरून जुबेदाची पत्रं येत, ती मला वाचायला देत. जुबेदा तेव्हा दहा वर्षांची होती. ‘चष्मा कुठं ठेवला कुणास ठाऊक, तू वाच कारकून,’ असं ते म्हणत. त्यांच्याकडे चष्मा नव्हताच. चार महिने मी ती पत्रं वाचत होतो आणि माझ्या हे लक्षात आलं नाही.

वितळलेल्या धातूजवळ अशा माणसाला ठेवता येणार नाही, असं डॉक्टरने लिहिलं. नियमाने ते बरोबर होतं. तीन आठवड्यांनी त्यांना मुंबईच्या बोटीचं तिकीट मिळालं. साहेब धक्क्यावर आला होता. त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, ‘बूड’ एवढा एकच शब्द म्हणाला आणि निघून गेला. मी ट्रंक उचलून शिडीपाशी गेलो.

‘इब्राहिमभाई, ती ओळ मी…’

‘तू खोटं नाय लिवलंस.’

‘पण मला सांगायचं होतंत, का काढायची ते.’

‘तू इचारलंस?’

मी ट्रंक दुसऱ्या हातात घेतली. ते शिडीचा कठडा चाचपत दोन पायऱ्या चढले आणि थांबले. ‘मना बोटीची भीती नाय, कारकून. घरच्या ओटीची हाय. भाऊ म्हणतील, तू बस. बायको म्हणेल, तुम्ही बसा. कुणी वायट बोलणार नाय. नुसतं बसवतील…’

पुढच्या वर्षी मी नोकरी सोडून मुंबईला आलो आणि वर्तमानपत्रात लागलो. त्याला दहा वर्षं होत आली. बातमीसाठी दोनदा रत्नागिरीला गेलो. तिथून त्यांचं गाव दिवसाभरात जाऊन येण्यासारखं होतं. दोन्ही वेळा गेलो नाही.

पोस्टकार्ड आल्यावर तिसऱ्या आठवड्यात गेलो. जुबेदा आता तालुक्याच्या शाळेत शिकवते, इंग्रजी आणि भूगोल. तिने मला ओटीवर बसवलं. भिंतीला, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, एक काळसर तेलकट डाग होता. मी तिकडे पाहतोय हे तिच्या ध्यानात आलं.

‘बाबांची जागा. आल्यापासून इथंच. पहिल्या वर्षी शिसं ओतायला बसले होते, हात भाजला. मग चुलत्यांनी कढई उचलून ठेवली.’

‘मग दिवसभर काय करायचे?’

‘होडीवाली पोरं कधीमधी बाजारातली शिसं आणून द्यायची, बघा म्हणून. तेव्हा बोलायचे. नायतर नाय.’ आत जायला उठत ती म्हणाली, ‘शेवटी शेवटी पोरं यायची बंद झाली. आता नायलॉनच्या जाळ्याला तयार शिसं मिळतात ना, काका.’

तिने आतून डबी आणली. तीच, तंबाखूची. झाकणावरचा रंग गेलेला. आत सत्तावीस गोळ्या आहेत. कुवेतमधल्या शेवटच्या शुक्रवारी ओतलेल्या, असं ते तिला सांगत. त्या कढईत माझा कॉलम ज्यांनी छापला ते खिळे होते की नव्हते, हे आता कळायला मार्ग नाही. मी एक एक गोळी उचलून बुडाच्या कडेवरून नख फिरवलं. सत्तावीसच्या सत्तावीस चांगल्या आहेत. खाली घडी घातलेला कागद होता, बुलेटिनचं पान.

‘दर ईदला मला वाचायला लावायचे,’ जुबेदा म्हणाली. ‘मी मराठी करून सांगायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा शेवटचं वाक्य ऐकून म्हणाले, एवढं कापून टाक, बाकी पोराने चांगलं लिवलंय.’

पान माझ्या टेबलावर आहे. कॉलम पूर्ण आहे. शेवटच्या दोन ओळी कात्रीने सरळ कापून काढलेल्या आहेत. मागच्या बाजूला क्रिकेटच्या सामन्याची हकिकत छापलेली आहे. तिच्यातल्याही दोन ओळी गेल्या आहेत.