साडभाऊचा हिरवा स्क्रीनशॉट

लोक मला विचारतात, "तुम्हाला इतके किस्से आठवतात तरी कसे?" आठवावे लागतच नाहीत हो! एका घराला दोन जावई द्या, दोघांच्या हातात एकेक मोबाइल द्या आणि वर्षभर थांबा. किस्से जुन्या लग्नपत्रिकांसारखे साचत जातात. ठेवायला जागा नसते आणि टाकवतही नाहीत.

तर आधी माणसं सांगतो. मी पांढुर्ण्याचा. बस स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सुनील माझा साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो सौंसरला एका कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून आहे. आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघंही मामाजी म्हणतो, त्यांची लोधीखेड्याकडे संत्र्याची बाग आहे. दरवर्षी व्यापारी बागेचा सौदा करायला येतो, तेव्हा मामाजी मला बोलावतात आणि खाटेवर आपल्या शेजारी बसवतात. थोरला जावई! वीस वर्षं ती जागा माझी आहे.

यंदा ती जागा सुनीलकडे जाणार असं दिसू लागलं. मी त्याच्यावर जळतो, हे इथेच कबूल करतो. म्हणजे पुढे तुम्हाला शोधत बसायला नको.

* * *

सुरुवात रसाळीला झाली. उन्हाळ्यात जावयांना आमरस खायला बोलवायची आमच्याकडे पद्धत. पानं वाढून झाली आणि सुनीलनं खिशातून मोबाइल काढला. स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आकडा होता, अठरा हजार चारशे.

"मामाजी, हे आजचे. सव्वानऊले बसलो, साडेदहाले उठलो."

मामाजींनी चष्मा लावला. "काय इकलं?"

"शेअर. सकाळी घेतले, भाव चढला, इकून टाकले. डे ट्रेडिंग म्हनते त्याले."

"माल घरी आला होता?"

"माल येतच नाई मामाजी! नुसते पैसे येते."

एका फळासाठी आठ-नऊ महिने झाडाकडे बघत बसणारा माणूस तो. त्यांनी सुनीलकडे जे पाहिलं, तसं माझ्याकडे वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मामाजी, दुकानात मी पण नवी कलर झेरॉक्स मशीन घेतली." ते म्हणाले, "हाव, चांगलं झालं," आणि पुन्हा मोबाइलकडे वळले.

त्या दिवशी रसाची दुसरी वाटी आधी सुनीलच्या पानात गेली. माझ्या पानात आली तेव्हा रस थोडा पातळ लागला.

* * *

घरी परतताना मी ठरवून टाकलं. हा शेअर घेतो-विकतो ना? मग मी डिजिटल कॉइनच तयार करणार! सगळ्या सासरवाडीत कॉम्प्युटरवाला जावई कोण? मी! मी हिंदीतले सात व्हिडिओ पाहिले. त्यातला माणूस प्रत्येक वेळी नव्या गाडीत बसून बोलायचा.

दुकानातला कॉम्प्युटर कामाचा, त्याला हात लावता येत नव्हता. घरी मयूरीचा लॅपटॉप होता. मयूरी माझी मुलगी. बारावीत चांगले मार्क पडले म्हणून तिला तो मिळाला होता. मी तिला म्हटलं, "सुट्ट्याच आहेत, पंधरा दिवस दे."

माझी बायको रेखा शेजारी उभी होती. "याच्यानं काय होते?" तिनं विचारलं.

मी समजावून सांगितलं. जगभर कॉइनचे व्यवहार चालतात, ते तपासायला कठीण गणितं सोडवावी लागतात. आपला लॅपटॉप दिवसरात्र गणितं सोडवणार आणि त्याबद्दल आपल्याला कॉइनचा वाटा मिळणार. याला मायनिंग म्हणतात.

रेखा म्हणाली, "मयूरी दोन वर्षं गनितंच सोडवून राहिली होती. तिले तर कोनी एक रुपया नाई देल्ला!"

* * *

मे महिन्यात पांढुर्ण्यात मायनिंग करायचं ठरवणारा मी पहिलाच असेन. दुपारी बाहेर कुत्रंसुद्धा दिसत नाही. लॅपटॉपचा पंखा असा सुटला, की शेजारच्या काकूंनी विचारलं, "नवीन आटाचक्की घेतली काय?"

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर हात ठेववेना. मग मी डोकं चालवलं. घरातला एकुलता एक कूलर हॉलमध्ये होता. संत्र्याचं रिकामं क्रेट पालथं घातलं, त्यावर लॅपटॉप ठेवला आणि कूलरचं तोंड बरोबर त्याच्याकडे केलं. घरची तीन माणसं भिंतीला टेकून बसली आणि लॅपटॉप हवा खाऊ लागला.

"आमी घामानं भिजून राहिलो," रेखा म्हणाली, "अन् ह्याची जावयासारखी खातिरदारी!"

मला ते लागलं. कारण जावयाची खातिरदारी सध्या दुसरीकडेच चालली होती.

* * *

आता आमच्याकडच्या कूलरचं तुम्हाला माहीत आहे. टाकी पूर्ण भरली, की पहिली दहा मिनिटं तो हवेबरोबर पाणीही फेकतो. माणसाला बरं वाटतं. लॅपटॉपला वाटत नाही.

अकराव्या दिवशी टाकी रेखानं भरली आणि मी दुकानात होतो. घरी आलो तर स्क्रीन काळी. दुरुस्तीवाल्यानं मागचं झाकण काढलं, थेंब पाहिले, फुगलेली बॅटरी पाहिली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "दादा, हा वापरला का धुतला?"

खात्यात किती जमलं होतं सांगू? तीन रुपये चाळीस पैसे. तेही काढता येत नव्हते. पैसे काढायची जी किमान मर्यादा होती, तिथवर पोचायला माझ्या हिशेबानं सतरा वर्षं लागली असती.

मयूरी रडली नाही. "बाबा, दुकानातल्या कॉम्प्युटरवर करीन मी प्रोजेक्ट," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं, तर त्याहून जास्त वाईट संध्याकाळी वाटलं. सासरवाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुनीलचा मेसेज आला होता. "भाऊजी, लॅपटॉपचं ऐकलं. टेन्शन नका घेऊ." आणि खाली त्याचा त्या दिवसाचा स्क्रीनशॉट. हिरवा! बावीस हजार!

मामाजींनी त्याला दोन अंगठे दिले होते. त्यांना अंगठा पाठवायला मीच शिकवलं होतं.

* * *

मग मीही डे ट्रेडिंगला उतरलो. मोबाइलवर खातं उघडलं, वीस हजार टाकले आणि सव्वानऊला दुकानात काउंटरमागे बसलो.

पहिल्याच दिवशी एक म्हातारी पेन्शनची केवायसी करायला आली. तिचा अंगठा मशीनवर ठेवला आणि माझं लक्ष मोबाइलवर. भाव पडत होता. मी आणखी घेतले. आणखी पडला. म्हटलं, आता वर येईल. तो काही माझ्या ओळखीचा नव्हता, कशाला येईल! साडेनऊशे रुपये गेले, आणि म्हातारीचा अंगठा अजून मशीनवरच होता.

तिनं बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बापू, घरी सगळे बरे हायेत ना?"

"हाव माय, बरे आहेत."

तिचा विश्वास बसला नाही. केवायसीचे तीस रुपये दिले, वर पदराची गाठ सोडून दहाची नोट काढली आणि काउंटरवर ठेवली. "चहा पिऊन घ्या."

त्या दिवशीची माझी ट्रेडिंगमधली एकूण कमाई तीच.

* * *

याचं गुपित काय ते पाहायलाच हवं होतं. पावसाळ्यात जिनिंग बंद असते, सुनील सकाळी घरीच सापडतो. रेखाला सांगितलं, जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला जातो. सकाळची बस धरली आणि नऊच्या आत सौंसर गाठलं.

दार त्याच्या बायकोनं, मायानं उघडलं. "भाऊजी, बसा. ते ऑफिसात हायेत."

ऑफिस म्हणजे मागची धान्याची खोली. तिथे गव्हाच्या कोठ्यांमध्ये टेबल-खुर्ची, आणि खुर्चीवर सुनील. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट! घरात! मला समोरच्या स्टुलावर बसवलं. मोबाइल त्याच्याकडे तोंड करून उभा होता, त्यामुळे मला फक्त त्याचा अंगठा दिसत होता.

"घेतला!" तो म्हणाला.

"कोणता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यानं एका सिमेंटच्या शेअरचं नाव सांगितलं. मी स्टुलाखाली मोबाइल धरून आठ हजारांचे घेतले.

अर्ध्या तासात शेअर असा आपटला, की माझे अकराशे गेले. मी सुनीलकडे पाहिलं. "तुमचे किती गेले?"

"छत्तीस हजार," तो म्हणाला आणि आळस दिला. "माया, पोहे आन वं! तर्री जास्त टाक."

आणि हा माणूस चवीनं पोहे खाऊ लागला. वरून शेव मागितली! माझ्या घशाखाली एक घास उतरेना. नफ्याचं मी सहन केलं असतं. पण छत्तीस हजार घालवून दुसरी प्लेट मागणारं ते काळीज पाहून मी जितका जळलो, तितका आयुष्यात कुणावर जळलो नाही. येताना जामसावळीला उतरलो. देवाला काय मागितलं, ते सांगत नाही.

* * *

शेवटी सौद्याचा दिवस आला. मामाजींनी दोघांनाही बोलावलं. मी मुद्दाम अर्धा तास आधी पोचलो. तरी खाटेवर मामाजींच्या शेजारी सुनील! मला प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली. तिचा एक पाय आखूड होता.

व्यापारी बाग फिरून आला, घोटभर पाणी प्यायला आणि आकडा बोलला. मामाजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सुनीलबापू, तुमाले मार्केट समजते. देऊ का थांबू?"

सुनील पांढराफटक पडला. "येतो एका मिनिटात," म्हणाला आणि जाता जाता माझं मनगट धरून मला विहिरीमागे ओढत घेऊन गेला.

"भाऊजी, मले वाचवा. मले काईच समजत नाई."

"दररोज वीस-वीस हजार कमावता अन् समजत नाही?"

"ते पैसे खरे नाईत." त्यानं माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. "डेमो अकाउंट हाय. शिकाले देते ते. भाव खरे, पैसे खोटे. सुरुवातीले दहा लाख तेच टाकून देते. पहिल्या दिवशी मामाजीले गमतीनं दाखवलं, अन् मंग सांगताच आलं नाई. मायाले बी मालूम नाई. आता बागेचं मी काय सांगू?"

मी तिथेच विहिरीच्या काठावर बसलो. खोट्या पैशांपायी मी मुलीचा लॅपटॉप घालवला होता! पण पुढच्याच क्षणी मनात गार वारा सुटला. बाग तिकडे, मामाजी तिकडे, खाट तिकडे. चार पावलं जायचं आणि एक वाक्य बोलायचं.

मी ताठ चालत गेलो. "मामाजी, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे."

"मंग सांगजा," मामाजी म्हणाले. "आधी चहा घ्या. पाव्हण्याले निघाचं हाय."

"अहो, पण सौदा?"

"तो त मागच्या सोमवारीच झाला. बयान्याचे पैसे बी घेतले."

व्यापारी मिशीत हसला. मी विचारलं, "मग सुनीलला विचारलं ते?"

"इचाराचं असते. जवाई बाजूले बसला, त्याले इचारलं, की चारचौघांत बरं दिसते. तुमाले नाई का वीस वर्षं इचारलं!"

सुनील विहिरीमागून येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. आम्ही दोघांनी मुकाट्यानं चहा घेतला. साखर जास्त होती.

परतताना मोटारसायकलवर तो मागे बसला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "भाऊजी, कोनाले सांगसान त नाई ना?"

"नाही सांगत."

"देवाशपथ?"

"देवाशपथ. फक्त त्या ॲपचं नाव सांगा."

या गोष्टीला दीड महिना झाला. मलाही दहा लाख मिळाले. आजच्या तारखेला मी सुनीलच्या एक लाख सत्तर हजारांनी पुढे आहे. दररोज चार वाजता त्याला स्क्रीनशॉट पाठवतो. हिरवा! आधी तो 'छान' लिहायचा, मग नुसता अंगठा, आता दोन निळ्या टिक दिसतात आणि पुढे काही नाही.

काल मायाचा रेखाला फोन आला. "ताई, दोन दिवस झाले, हे धड जेवून नाई राहिले. काय झालं त सांगत बी नाई."

रेखानं फोन ठेवला आणि मला विचारलं, "काय झालं असन हो सुनीलभाऊले?"

मी म्हटलं, "मार्केट खराब असेल," आणि आणखी थोडा भात वाढायला सांगितला.